हर्नियाच्या ऑपरेशननंतर धनुष्य परत कधी ओढावं? १ ऑक्टोबरला सीझन सुरू होतोय

खानदेशी_मिशिगन, १२ सप्टेंबर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी मूळचा जळगावकडचा, सतरा वर्षं झाली मिशिगनमधे आहे, वय ४७. १९ ऑगस्टला उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, आमच्या आजीच्या भाषेत अंतर्गळ. ओपन ऑपरेशन, जाळी बसवली, सकाळी साडेसहाला गेलो आणि दुपारी घरी आलो. आज चोविसावा दिवस. दहाव्या दिवसापासून ऑफिसचं काम घरूनच सुरू केलंय, रोज दीड-दोन मैल चालतो, दुखायच्या गोळ्या पाचव्या दिवशीच थांबवल्या.

आता खरा प्रश्न. मी सहा वर्षं धनुष्याने हरणाची शिकार करतोय. इथे ते कोर्स करून, लायसन्स काढून, नियमात राहून करतात. भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे कृपया त्यावर वाद नको. आमच्या राज्यात धनुष्याचा सीझन १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, मग १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकीचा, आणि परत १ डिसेंबर ते १ जानेवारी धनुष्याचा. १ ऑक्टोबरला मला सहा आठवडे आणि एक दिवस होतोय. सर्जन म्हणाले सहा आठवडे वीस पौंडाच्या वर काही उचलायचं नाही, पुढे नॉर्मल. मी धनुष्याचं विचारलं तर म्हणाले किती वजन आहे, मी म्हटलं साडेचार पौंड, ते म्हणाले मग अडचण नाही. घरी येताना गाडीत डोक्यात प्रकाश पडला की मी त्यांना हातात धरायचं वजन सांगितलं, दोरी ओढायला लागणारा जोर सांगितलाच नाही! माझं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, ६४ पौंडावर सेट आहे.

हर्निया कधीपासून म्हणाल तर मागच्या नोव्हेंबरमधे एक मोठा नर ओढ्याच्या घळीत जाऊन पडला, अंधार झालेला, बर्फ भुरभुरत होतं, सोबत कोणी नाही, मी त्याच्या शिंगांना दोरी बांधून उलटा चालत चालत त्याला वर ओढला, अर्धा तास लागला असेल. त्या रात्री जांघेत नुसतं भरून आल्यासारखं वाटलं आणि महिनाभराने आंघोळ करताना लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला, आडवा झालो की आत जायचा. डॉक्टर म्हणाले जागा आधीपासून कमकुवत असणार, त्या दिवशी फक्त बाहेर आलं.

तर विचारायचंय असं की सहा आठवड्यांनी ६४ पौंड ओढता येतात का, झाडावर चढता येतं का, आणि टाक्याच्या खाली दोरखंडासारखं कडक लागतंय ते काय आहे. कोणी यातून गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा. हा एक सीझन वर्षभर डोक्यात असतो हो.

पेनसिल्व्हेनियाकर, १२ सप्टेंबर

भाऊ, आधी बरं वाटतंय ना, ते महत्त्वाचं. मी ५८ वर्षांचा, चार वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंचं झालंय, दुर्बिणीतून. तुमच्यासारखीच घाई केली होती म्हणून हे सगळं लिहितो, नीट वाचा.

मला धनुष्य ओढताना त्रास झालाच नाही. त्रास झाला तो स्टँड लावताना. सहावा आठवडा संपला, डॉक्टरांनी मोकळं केलं, मी दुसऱ्याच दिवशी हँग-ऑन स्टँड, म्हणजे दबा धरून बसायला झाडाला अडकवायची बैठक, घेऊन जंगलात. स्टँड म्हणजे चौदा-पंधरा पौंडाचं, ते काय जड आहे असं वाटलं. पण झाडावर पंधरा फुटांवर, कमरेच्या पट्ट्यावर मागे रेलून, एक हात बुंध्याभोवती आणि दुसऱ्या हाताने ते स्टँड डोक्याच्या वर उचलून हुकात अडकवायचं, ते तिसऱ्यांदा पण हुकात बसेना, आणि चौथ्यांदा उचलताना डाव्या जांघेत कोणी उलथन्याचा चटका द्यावा तसं झालं. तिथेच स्टँड सोडून दिलं खाली. नशिबाने हर्निया परत झाला नव्हता, स्नायू ताणला गेला होता, पण तीन आठवडे गेले आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा, ज्यासाठी सगळी धडपड, तो मी सोफ्यावर काढला.

दुसरं एक कोणी सांगत नाही. सेफ्टी हार्नेसचे पायातले पट्टे नेमके जांघेतून जातात, टाक्याच्या वरून. नुसतं बसल्यावर टोचतात ते सोडा, पण उद्या पाय सटकला आणि हार्नेसने झेललं तर सगळं वजन त्या दोन पट्ट्यांवर येणार. हार्नेस न घालता चढणं हा तर पर्यायच नाही, ते कोणी करू नये. मग सरळ हिशोब आहे, जोपर्यंत त्या जागेवर पट्टा करकचून आवळला तरी दुखत नाही तोपर्यंत झाड बंद. जमिनीवर बसा. ग्राउंड ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा तंबू, टाका आत्ताच, पोरांकडून टाकून घ्या, म्हणजे सीझनपर्यंत हरणांना त्याची सवय होईल. आणि ते दोन भागांचं, सरकवत सरकवत झाडावर चढायचं क्लायंबर स्टँड असेल तर या वर्षी गॅरेजमधेच राहू दे, ते म्हणजे झाडावर बसून पोटाचा व्यायाम.

तिसरं, हरीण ओढणं. तुम्हीच लिहिलंय काय झालं ते. प्लास्टिकची स्लेड, म्हणजे घसरत ओढायची गाडी, घ्या आणि ती ओढायला माणूस आधी ठरवून ठेवा. माणूस ठरला नसेल तर बाण सोडायचा नाही, मी आता हा नियमच केलाय.

नाशिककर_सर्जन, १३ सप्टेंबर

मी जनरल सर्जन आहे, हर्निया आमच्याकडे रोजचा. तुम्हाला तपासल्याशिवाय हो किंवा नाही मी सांगणार नाही, ते तुमचे सर्जन सांगतील, पण आत काय चाललंय ते कळलं तर त्यांना नीट विचारता येईल म्हणून लिहिते.

तुमच्या ऑपरेशनमधे बहुतेक जाळी टाक्यांनी शिवून बसवलीये. ती पहिल्या दिवसापासून जागेवर असते, पण नुसती शिवलेली जाळी आणि शरीराने आपलीशी केलेली जाळी यात फरक आहे. तिच्या भोकांमधून आपला तंतुमय पेशीजाल वाढत जातो, सारवलेल्या भिंतीत कापड रुतून बसतं तसं, आणि हे काम आठवड्यांत नाही, महिन्यांत चालतं. पहिल्या सहा आठवड्यांत बराच टप्पा पार होतो, तीन महिन्यांपर्यंत ताकद वाढतच असते. तुम्हाला हाताला कडक दोरखंड लागतोय तो हाच भरून येण्याचा कंगोरा, बहुतेक वेळा नॉर्मल, दोन-तीन महिन्यांत मऊ पडतो. टाक्याच्या खालची किंवा मांडीच्या आतली कातडी बधिर असेल तर तेही कॉमन आहे, त्या जागेतून बारीक नसा जातात, कधीकधी कित्येक महिने बधिरपणा राहतो.

आता एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१८ मधे जांघेच्या हर्नियासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सरसकट सहा आठवड्यांची बंदी नाहीच, सोसवेल तशी रोजची कामं लवकर सुरू करा असंच म्हटलंय. कारण साधं आहे, एका जोरदार खोकल्याने किंवा शिंकेने पोटात जेवढा दाब येतो तेवढा बऱ्याच वेळा वजन उचलूनही येत नाही, आणि खोकला तर आम्ही पहिल्या रात्रीही थांबवू शकत नाही. मग आम्ही सहा आठवडे का सांगतो? कारण "सोसवेल तसं" म्हटलं की कोणी आठव्या दिवशी गॅसचा सिलेंडर उचलतो. आणि दहात एखाद्याला जांघेत तीन महिन्यांनंतरही दुखत राहतं, ते दुखणं आम्हाला परत होणाऱ्या हर्नियापेक्षा जास्त छळतं. तुम्ही घाई केली तर जाळी फाटेल याची भीती मला कमी आहे, दुखणं रेंगाळेल याची जास्त आहे.

बद्धकोष्ठ आहे का? विचारते कारण पुरुष सांगत नाहीत. कुंथणं म्हणजे रोज सकाळी त्या जागेवर जोर देणं. रात्री इसबगोल, भरपूर पाणी. सीझन सुरू व्हायच्या आधी सर्दी-खोकला झाला तर तो आधी बरा करा.

फुगवटा परत दिसला, उभं राहिल्यावर येतो आणि झोपल्यावर जातो असं वाटलं, ताप, टाका लाल होऊन गरम लागणं, पू, एका बाजूचा वृषण खूप दुखणं, लघवी अडणं, यातलं काही झालं तर वाट न बघता दाखवायचं. फुगवटा कडक होऊन आत जात नसेल आणि उलट्या होत असतील तर थेट इमर्जन्सीत.

आणि सर्जनना परत फोन करा हो. त्यांना सांगा की एका हाताने धनुष्य पुढे ढकलायचं, दुसऱ्याने ६४ पौंड मागे ओढायचे, उभ्याने, श्वास रोखून, थंडीत तीन तास न हलता बसल्यानंतर. बघा मग काय म्हणतात.

खानदेशी_मिशिगन, १३ सप्टेंबर

डॉक्टर, खूप आभार, कडक दोरखंडाचं वाचून जीव भांड्यात पडला. आणि हो, बद्धकोष्ठ होतं, पहिले दहा दिवस फार. आता नाही.

एक गोष्ट आधी लिहिली नव्हती ती लिहितो, कारण इथे लपवून काय उपयोग. ऑपरेशनच्या एकोणिसाव्या दिवशी बायको दुकानात गेली होती तेव्हा मी गॅरेजमधे धनुष्य काढलं. बाण न लावता, फक्त ओढून बघू म्हणून. अर्ध्यापर्यंत ओढलं आणि तिथेच अडकलं. दुखलं असं नाही, पण जांघेत काहीतरी ताणून धरल्यासारखं झालं आणि पोट आपोआप कडक झालं, मी घाबरलो आणि दोरी हळू सोडायच्या ऐवजी ती हातातून पुढे खेचली गेली, सगळं अंग पुढे ओढलं गेलं. तो हिसका टाक्यात जाणवला. दोन दिवस तिथे कणकण होती, मग गेली. फुगवटा नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

नाशिककर_सर्जन, १३ सप्टेंबर

त्यांना सांगा. आणि सर्जनना पण, पुढच्या तपासणीत नाही, उद्याच.

साताऱ्याचा_तीरंदाज, १४ सप्टेंबर

दादा, शिकारीतलं मला काही कळत नाही, मी टार्गेटवाला, कंपाउंड, अकरा वर्षं झाली, आता पोरांना शिकवतो. (आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ ला बर्लिनमधे एकाच दिवशी कंपाउंडची वैयक्तिक वर्ल्ड चँपियनशिप जिंकली तेव्हापासून आमच्याकडे पोरांची रांग आहे.) पण तुम्ही जे गॅरेजमधलं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. तुमचा हिसका ओढताना बसला नाही, सोडताना बसला. कंपाउंडला शेवटी लेट-ऑफ असतो, म्हणजे जोर एकदम कमी होतो, ८० टक्के धरा, म्हणजे ६४ पौंडाचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात साधारण तेरा पौंडच राहतात, तिथे आराम वाटतो. पण ओढताना मधे तो पूर्ण ६४ चा डोंगर चढावाच लागतो आणि बाण न सोडता दोरी परत न्यायची असेल तर तोच डोंगर उलटा उतरायचा, आणि उतरताना धनुष्य तुम्हाला खेचतं. थकलेला माणूस तिथेच पडतो. शिकारीत तर हे जास्त होत असणार, हरीण नीट उभं राहिलं नाही की तुम्हाला बाण न सोडता परत यावं लागतंय. म्हणून जेवढं वजन तुम्ही अगदी मुंगीच्या पावलाने परत सोडू शकता तेवढंच तुमचं वजन. ओढता येतंय किती ते बघूच नका.

आता कसं यायचं ते सांगतो, आमच्याकडे एका सीनियरचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, त्याला असंच आणलं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करायचं, आधी नाही. पहिले आठ-दहा दिवस फक्त रबर बँड, ओढताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून ओढलं की सगळा दाब खाली जातो, ही सवय या वर्षी मोडाच. ओढायचं पाठीने, दोन्ही खांदाफलक एकमेकांकडे. धनुष्य आभाळाकडे करून खाली आणत ओढत असाल तर समजायचं वजन जास्त आहे. ती एक टेस्ट असते बघा, खुर्चीवर बसून दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे आणि सरळ समोर ओढायचं, ती तुम्ही आत्ता करू नका, तिच्यात पाय वर धरायलाच पोटाचा खालचा भाग लागतो. पाय जमिनीवर टेकवून बसून करा.

मग वजन. तुमचं ७० चं धनुष्य असेल तर बोल्ट सैल करून ते साधारण ६० पर्यंतच उतरेल, त्याच्या खाली बोल्ट सोडत जाऊ नका राव, लिंब, म्हणजे धनुष्याची वाकणारी पट्टी, निसटून तोंडावर येतो. कंपनीने जेवढे फेरे लिहिलेत तेवढेच. त्यापेक्षा कोणाकडून ते पंधरा-वीस पौंडापासून ७० पर्यंत जाणारं ॲडजस्टेबल धनुष्य आणा, पोरांसाठी घेतात ते. २५ वर सुरू करा. दिवसाला बारा बाण, एक दिवस सोडून. आमच्या मॅचला ५० मीटरवर ७२ बाण असतात, प्रॅक्टिसला त्याच्या तिप्पट, तेवढं तुम्हाला लागतच नाही, तुम्हाला अख्ख्या सीझनला दोन-तीन बाण लागतात. संख्या वाढवू नका, आठवड्याला चार-पाच पौंड वाढवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना जांघ कुरकुरली तर मागे या.

एक लक्षात ठेवा, वजन कमी केलं की जुने बाण कडक पडतात, आणि वजन बदललं की साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या, पिना सगळ्या खोट्या होतात. प्रत्येक टप्प्यावर पिना परत लावायच्या. जनावराच्या बाबतीत तर हे पाळलंच पाहिजे ना.

टेक्सासवाला_नितीश, १४ सप्टेंबर

एवढं सगळं करण्यापेक्षा या वर्षी क्रॉसबो घ्या ना, ते बंदुकीसारखा घोडा दाबायचं आडवं धनुष्य. मिशिगनमधे चालतो की. ओढायचं टेन्शनच नाही.

पेनसिल्व्हेनियाकर, १४ सप्टेंबर

नितीश, चांगल्या मनाने सांगितलंस पण हे अर्धवट आहे आणि हर्नियावाल्याला तेच महागात पडतं. क्रॉसबोची दोरी चढवायला दीडशे ते दोनशे पौंड लागतात. रिकिबीत पाय घालायचा, कमरेत वाकायचं आणि दोन्ही हातांनी दोरी वर खेचायची, म्हणजे जिममधला डेडलिफ्टच झाला. दोरीचा हुकवाला कॉकर लावला तरी निम्मा जोर लागतोच. हँडल फिरवायचा क्रँक असेल तर गोष्ट वेगळी, तो लहान मूल पण फिरवेल. म्हणजे क्रॉसबो घ्यायचा तर क्रँकवालाच, आणि संध्याकाळी तो उतरवायची पण सोय हवी. आणि नियमांची या वर्षीची पुस्तिका उघडून बघायची, मिशिगनच्या वरच्या भागातले आणि खालच्या भागातले नियम सारखे नसतात.

खानदेशी_मिशिगन, १४ सप्टेंबर

क्रॉसबोचा विचार केला होता. पण खरं सांगतो, मला ते दोरी गालाला लावून थांबायचं जे क्षण आहेत ना, त्यासाठीच मी जातो. मांस दुकानातही मिळतं. या वर्षी ते जमणार नसेल तर मी कॅमेरा घेऊन बसेन, पण आधी ॲडजस्टेबल धनुष्य शोधतो. शेजारच्या आजोबांच्या नातवाकडे आहे, त्यांनीच मला हे सगळं शिकवलं, त्यांचं वय आता ८१.

बायकोला सांगितलं. बोलली नाही संध्याकाळभर. मग रात्री म्हणाली गॅरेजची चावी माझ्याकडे राहील.

खानदेशी_मिशिगन, ३ ऑक्टोबर

अपडेट. ३० सप्टेंबरला सहा आठवड्यांची तपासणी झाली. या वेळी मी धनुष्याचा फोटो आणि सातारच्या दादांनी लिहिलेलं सगळं इंग्रजीत करून घेऊन गेलो. सर्जननी खोकायला लावलं, उभं करून, आडवं करून बघितलं, म्हणाले रिपेअर पक्का आहे, गॅरेजमधल्या हिसक्याने काही झालेलं नाही. ६४ पौंड आत्ता नाही म्हणाले, पण रबर बँड आणि २५ पौंडाने सुरू करायला हरकत नाही, आणि झाडावर तीन महिने होईपर्यंत नाही. चावी परत मिळाली.

१ तारखेला पहाटे मी घरीच होतो. साडेसहाला जाग आली, बाहेर पाहिलं, वारा नव्हता, थंडी होती, अगदी जसा दिवस हवा तसा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मागच्या अंगणात बारा वेळा रबर बँड ओढला.

फिजिओताई, ३ ऑक्टोबर

उशिरा आले पण एक भर घालते. तुम्ही रोज चालता ते उत्तम, पण सपाट रस्त्यावर चालता. जंगलात आडवा पडलेला ओंडका ओलांडायचा असतो, तारेच्या कुंपणाखालून जायचं असतं, त्यात मांडी बाजूला उघडते आणि जांघेचे स्नायू एकदम ताणले जातात. आत्तापासून घरात पायरीवर बाजूने चढा-उतरा, खुर्चीएवढ्या उंचीच्या दोरीवरून हळू पाय टाका, दोन्ही बाजूंनी. पाठीवर झोपून गुडघे दुमडून श्वास सोडत एक-एक टाच पुढे सरकवायची, एवढाच पोटाचा व्यायाम पुरे, सिट-अप्स नकोत. आणि ब्लाइंडमधे स्टूल उंच घ्या, गुडघे कमरेच्या खाली राहतील असं. बुटक्या स्टुलावर तीन तास बसलात तर टाका घडीत चिमटतो आणि तिथून एकदम उठून ओढणं म्हणजे नको तेच. पँटचं इलास्टिक टाक्यावर येत असेल तर खांद्यावरून पट्टे असलेली बिब घाला.

खानदेशी_मिशिगन, १० नोव्हेंबर

मंडळी, ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांना हे सांगायचं होतं म्हणून आज बसलो.

ऑक्टोबरभर २५, ३०, ३४ असं करत गेलो. मधे एकदा ३९ वर सकाळी जांघ दुखली, दोन दिवस थांबून ३४ वर परत आलो. मागच्या आठवड्यात ४५ ला पोचलो, तिथेच थांबलो. नातवाचंच धनुष्य, नवे बाण, पातं धारदार दोन धारांचं जे लागताच कापत जातं. पिना फक्त वीस यार्डापर्यंत लावल्या, त्याच्या पलीकडे बाण सोडायचाच नाही असं आजोबांना शब्द देऊन टाकला.

ब्लाइंड पोराने टाकला होता, मक्याच्या शेताच्या कडेला. शुक्रवारी संध्याकाळी एक मादी आली, चौदा यार्डावर, मी दोरी ओढली, श्वास सोडत, गालाला लावली, आणि ती तोंड माझ्याकडे करून उभी राहिली. तशीच. मी मनात मोजत होतो, चाळीसपर्यंत मोजलं असेल. ती वळली नाही. मग मी सोडायला सुरुवात केली, अगदी मुंगीच्या पावलाने, सातारच्या दादांचा शब्द डोक्यात होता, आणि तो मधला डोंगर आला तेव्हा धनुष्याने खेचलं पण मी त्याच्याबरोबर गेलो नाही. दोरी जागेवर आली. ती अजून तिथेच उभी. मी डावा हात हळूच खाली नेऊन जांघेवर ठेवला, काही नाही, ना ताण ना चटका. खरं सांगतो, मला डोळ्यात पाणी आलं. ती शेपटी हलवून मक्यात निघून गेली.

काल सकाळी, म्हणजे ९ ला, पावणेबारा आठवडे होताना, दुसरी एक आली, अठरा यार्ड, आडवी उभी, बाण खांद्यामागे फासळ्यांतून आरपार गेला, साठ पावलांवर पडली. मी जागेवरूनच पोराला आणि आजोबांच्या नातवाला फोन केला. ते येईपर्यंत पाऊण तास तिच्याजवळ बसून होतो. दोघांनी स्लेडवर घेतली, मी पुढे धनुष्य घेऊन चाललो, ओंडके ओलांडताना फिजिओताईंची आठवण काढत. इथे ७२ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, ती केली, डोकं तपासणीला दिलं. आमच्याकडे २०१५ पासून हरणांमधे तो सीडब्ल्यूडी, म्हणजे मेंदू पोखरणारा, रोग सापडतोय म्हणून मी रिपोर्ट आल्याशिवाय मांस शिजवत नाही.

निम्मं मांस आजोबांकडे दिलं. बायको म्हणाली रिपोर्ट आला की काळ्या मसाल्यात करू.

पेनसिल्व्हेनियाकर, १० नोव्हेंबर

शुक्रवारचं दोनदा वाचलं भाऊ. आता १ डिसेंबरपर्यंत झाडाकडे बघू पण नका, आणि चढायच्या आधी हार्नेस घरी घालून, बाहेर नाही, घरी, अर्धा तास सोफ्यावर बसून बघा पट्टा कुठे टोचतो ते. टोचला तर मला सांगा, माझ्याकडे जाड पॅडिंगवाला एक पडून आहे, पाठवतो.

खानदेशी_मिशिगन, ११ नोव्हेंबर

दादा, रात्री घातला होता. डाव्या बाजूला काही नाही, उजवीकडे शिवणीची गाठ नेमकी टाक्याच्या वरच्या टोकावर येते. पाठवा तुमचा. पत्ता मेसेजमधे टाकतो.